मालगाडी जाईपर्यंत

मार्च लागला की आमच्या शाळेच्या आवारातला कडुनिंब पानं गाळायला लागतो. शिपाईमामा सकाळी झाडून घेतात आणि अकराला पेपर सुरू होईपर्यंत पुन्हा सगळीकडे पिवळा सडा पडलेला असतो. नाशिकच्या या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. दहावीचं केंद्र आमच्याकडे असतं, त्यामुळे दरवर्षी या दिवसांत मी तीन-तीन तास न बोलता बाकांमधून फिरत असते. पंख्याची घरघर, पुरवणी मागायला वर झालेले हात, कुणाच्या तरी रुमालाला लावलेल्या निलगिरीच्या तेलाचा वास. शिक्षकाला इतका वेळ गप्प ठेवणारं दुसरं काम नसेल.

यंदा भूगोलाच्या पेपरला तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. मान खाली, लिहिणं भराभर. बाकाखाली मात्र तिनं बूट काढून ठेवले होते आणि पाण्याची आडवी बाटली ती तळपायाखाली पुढेमागे फिरवत होती. आवाज अजिबात नाही. बाटली टाचेकडे यायची, बोटांशी थांबायची, पुन्हा पुढे जायची. वरच्या अर्ध्या मुलीला खालच्या अर्ध्या मुलीचा पत्ता नव्हता. नियमाप्रमाणे मी तिला बाटली बाजूला ठेवायला सांगायला हवं होतं. मी खिडकीशी गेले आणि बाहेर बघत उभी राहिले.

प्रज्ञा असाच पेपर लिहायची. आज ती न्यूझीलंडच्या महिला फुटबॉल संघात खेळते. सोळा वर्षांची होईपर्यंत ती मनमाडला, आमच्या शेजारच्या गल्लीत राहत होती आणि दहावीच्या परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. तिच्या पायाखाली तेव्हा बाटली नव्हती, कंपासपेटी होती. ती मात्र खडखड वाजायची आणि पर्यवेक्षक बाई डोळे वटारायच्या.

मनमाडचं आमचं मैदान म्हणजे रेल्वेच्या क्वार्टर्स आणि मालगाड्यांचे बाजूचे रूळ, म्हणजे सायडिंग, यांच्या मधला मुरमाचा तुकडा. गवताची काडी नाही. आमच्या गावात नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी यायचं, तिथं मैदानावर कोण शिंपडणार? पडलं की गुडघ्याची सालं निघायची. आम्ही जखमेला हळद लावायचो आणि घरी सांगायचो की जिन्यावर पडले. आमच्या कुणाच्याच घराला जिना नव्हता. एका बाजूच्या गोलला रुळाचे दोन तुकडे उभे पुरलेले होते, दुसऱ्या बाजूला दोन दगड. दगडांच्या गोलात मी उभी राहायचे. माझ्या पाठीमागे सायडिंग आणि सायडिंगपलीकडे धान्याचं गोदाम. तिथं माझे वडील हमाली करायचे. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर गव्हाची धूळ बसलेली असायची आणि ते अचानक म्हातारे दिसायचे. आंघोळ केली की पुन्हा तरुण.

मुली आम्ही दोघीच. बाकी सगळी मुलं. आम्हाला खेळायला घेतलं कारण मी गोलात उभी राहायला तयार होते, आणि प्रज्ञाला बाहेर ठेवलं तर ती काठावर बसून प्रत्येकाच्या चुका मोठ्यानं सांगायची. सलीम हा आमचा कप्तान. तो म्हणाला होता, "इसको अंदर लो यार. बाहर बैठके जास्त डोकं खाते."

त्या मैदानाचा एक नियम होता. तो मी आजवर दुसऱ्या कुठल्या मैदानावर पाहिला नाही. चेंडू माझ्या मागे सायडिंगपलीकडे गेला आणि तेवढ्यात मालगाडी आली, तर जो जिथं असेल तिथंच उभा राहणार. गाडी जाईपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही. गाडी गेली की एक जण चेंडू आणणार आणि खेळ जिथं थांबला तिथूनच सुरू होणार. अर्धा नियम प्रज्ञाच्या आजोबांचा होता. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलायचं काम आयुष्यभर केलेलं. डब्याखालून पलीकडे जाणारी माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यांचं पुढे काय झालं तेही पाहिलं होतं. मैदानावर येऊन त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "चेंडू गेला तर दुसरा येईल. पाय गेला तर कुठून आणाल? गाडी जाईपर्यंत हलायचं नाय." उरलेला अर्धा नियम आम्ही जोडला. कारण गाडी जाईपर्यंत जो तो हळूहळू सरकत गोलजवळ जायचा आणि मग भांडणं व्हायची.

भांडण झालंच तर निवाडा प्रज्ञा करायची. बावीस-चोवीस पोरांपैकी कोण कुठं उभा होता हे तिला तोंडपाठ असायचं. "सलीम, तू त्या पांढऱ्या दगडाच्या मागे होतास. पुढे नव्हतास." सलीम म्हणायचा, "तू क्या पटवारी आहे का?" आणि दोन पावलं मागे जायचा. तिचं कधी चुकलं नाही.

दहावीच्या त्या मार्चमध्ये आम्ही हा थांबलेला वेळ कामाला लावला. मी गोलात, ती मैदानाच्या मध्यावर. माझ्या पाठीमागे मालगाडीचा खडखडाट. मी ओरडून विचारायचे, "दख्खनच्या पठाराची माती?" ती तिथून ओरडायची, "रेगूर." "रेगूर कशापासून?" "लाव्हा." मधली सगळी मुलं पुतळ्यासारखी उभी आणि त्यांच्या डोक्यांवरून आमचा भूगोल ये-जा करायचा. सलीम आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, दहावीला एकदा नापास होऊन घरी बसलेला. तो एकदा वैतागून म्हणाला, "ए गोलकीपर, ये सब मेरे को भी याद हो गया. मी पण फॉर्म भरतो आता." आणि त्यानं ऑक्टोबरला खरंच भरला. पासही झाला.

आमच्या घरात पुस्तक उलटं धरून बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. हे मी आईवडिलांना कमी लेखून सांगत नाही. त्यांनी मला शाळेत पाठवलं आणि कामाला लावलं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी पुरेपूर केलं. पण माझा अभ्यास घेतला तो प्रज्ञाच्या आजोबांनी. ते सातवी शिकलेले. पहाटे पाचला प्रज्ञाच्या ओट्यावर आम्ही दोघी बसायचो, ते चहा करून द्यायचे आणि पुस्तक हातभर लांब धरून प्रश्न विचारायचे. उत्तर देताना त्यांचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून सरकायचं. एक शब्द सुटला की बोट थांबायचं.

"पुस्तकात असं नाय लिहिलेलं. परत सांग."

"आजोबा, अर्थ तोच आहे," प्रज्ञा म्हणायची.

"अर्थ तुझ्यापाशी ठेव. तपासणारा बाबा शब्द बघतो."

ते सतत रागवायचे. उशिरा उठलो म्हणून, केस नीट विंचरले नाहीत म्हणून, प्रज्ञा उजव्या पायानंच मारते म्हणून. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून ओरडायचे, "डावा पाय काय पाहुणा हाय का? त्यालाबी काम सांग." मला म्हणायचे, "मनी, गोलात उभी हायेस का दगडाला टेकून झोपलीस?" प्रज्ञाचे वडील ती लहान असतानाच आजारात गेले. आई नर्स. आधी आखातात, मग न्यूझीलंडला नोकरीला गेली. तिला आम्ही वर्षा-दोन वर्षांतून पंधरा दिवस पाहायचो. तेव्हा प्रज्ञाची आईही आजोबा आणि बापही आजोबाच. रागावणं हे त्यांच्या घरातलं मीठ होतं. सगळ्यांत पडायचं आणि कुणाला वेगळं जाणवायचं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीतच प्रज्ञाचे कागद आले होते. शेवटचा पेपर झाला की चार दिवसांनी ती आईकडे जाणार होती. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

शेवटचा पेपर भूगोलाचाच होता. बाहेर पडलो आणि गणवेशातच मैदानावर गेलो. दुपारचे अडीच वाजलेले, मुरूम तापून तळपायाला चटके देत होता. तरी सगळी मुलं आली होती. थोड्या वेळानं प्रज्ञानं मारलेला चेंडू माझ्या डोक्यावरून सायडिंगपलीकडे गेला आणि त्याच वेळी इगतपुरीकडून मालगाडी आली. लांबच लांब. कोळशाचे उघडे डबे, सावकाश. सगळे जागच्या जागी थांबले. मी सवयीनं प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आता विचारायचं काही उरलं नाही. परीक्षा संपली होती. मध्यावर प्रज्ञा उभी होती, हात कमरेवर, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मधे दहा-बारा मुलं, त्यांच्या सावल्या पायाशी आखडलेल्या. एक डबा गेला, दुसरा गेला. कुणी मोजत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या मैदानावर तेवढी शांतता मी ऐकली नव्हती, आणि खरं तर पाठीमागे सगळी गाडी गडगडत होती.

गाडी गेली तेव्हा चेंडू आणायला कुणीच धावलं नाही.

मी पुढं नाशिकला आले. वसतिगृहात राहून बी.ए. केलं, मग बी.एड. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पदवीदानाला वडिलांना बोलावलं होतं. ते नवा सदरा घालून आले आणि सभागृहाबाहेरच थांबले. आत खुर्च्या मोजून ठेवल्या असतील, आपल्यामुळे कुणाची कमी पडेल, असं त्यांना वाटलं. आजोबा मात्र आत येऊन दुसऱ्या रांगेत बसले. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या माणसाला सांगितलं, "हिचं शुद्धलेखन मी घेतलंय."

तिकडे प्रज्ञा शाळेच्या संघात गेली, मग एका क्लबात. पहिल्या वर्षी तिथल्या मुली तिला पुतळा म्हणायच्या. कुणाला लागलं, खेळ थांबला, की सगळ्या पाणी प्यायला कडेला पळायच्या आणि ही आपली मैदानात जागच्या जागी उभी. व्हिडिओ कॉलवर तिनं मला हे हसत सांगितलं. "मने, पायच उचलत नाही गं. वाटतं, आत्ता हलले तर सलीम ओरडेल." पण तिच्या प्रशिक्षक बाईंच्या वेगळंच लक्षात आलं. या मुलीला पाठीमागे न बघता मागची मुलगी कुठं आहे ते कळतं. त्यांनी तिला मधल्या फळीत आणलं. कुठं शिकलीस म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, मालगाडी जायची तेव्हा. बाईंना वाटलं, हिचं इंग्रजी अजून कच्चं आहे.

मला अनेकदा वाटतं, आम्ही ज्याला वेळ वाया जाणं म्हणत होतो तेवढंच आमच्यासोबत आलं. पाठ केलेलं रेगूर आणि लाव्हा मी वर्गात शिकवत नाही, माझा तो विषयही नाही. पण मुलं गप्प असताना कोण कुठं बसलंय, कोण आज आलेलं नाही, कोण आलंय पण इथं नाही, हे मला दारातून कळतं. तेही तिथलंच.

ती गेल्यानंतर आठव्या वर्षीच्या जानेवारीत तिचा फोन आला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मने, राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावलंय."

मी काय बोलले मला आठवत नाही. काहीतरी ओरडले असेन, कारण खोलीतली मैत्रीण उठून बसली.

"ऐक ना. त्यासाठी इथलं नागरिकत्व लागतं. मी डिसेंबरात घेतलं. आपला पासपोर्ट परत केला." मग घाईघाईनं म्हणाली, "आजोबांना सांगितलेलं नाही. तू सांगशील?"

"तू का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर ते हो म्हणतील. माझं मन मोडायचं नाही म्हणून म्हणतील. तुझ्यासमोर खरं काय ते बोलतील."

त्या रविवारी मी नाशिकरोडहून गाडीत बसले. निफाड गेलं, लासलगाव आलं आणि लाल कांद्याचा वास डब्यात शिरला. एरवी हा वास आला की मला घर जवळ आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी वाटलं, अजून दोन स्टेशनं जास्त असती तर बरं झालं असतं. आजोबांच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर घटनेची उद्देशिका आहे, चौकटीत बसवलेली. लग्नात भेट देतात तशी छापील नव्हे. त्यांनी रेल्वेतल्या एका पेंटरकडून पत्र्यावर लिहून घेतलेली, जाड अक्षरांत, स्टेशनच्या नावासारखी. त्यांचे वडील गावकीची कामं करत वाढलेले. पाणवठ्यावर त्यांना पाणी घेता येत नव्हतं. ज्या कागदानं आपण या देशाचे सगळ्यांसारखे झालो तो कागद आजोबांच्या घरात देवाच्या जागी होता. लहानपणी आम्ही दोघी त्याखाली बसून शेंगा खायचो.

मी सांगितलं. सरळ सांगितलं, फिरवून बोलणं त्यांना आवडत नसे.

ते बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. मग विचारलं, "जुन्या पासपोर्टाचं काय केलं?"

"कोपरा कापून, शिक्का मारून परत दिला म्हणाली."

"कोपरा कापला," ते म्हणाले.

एवढंच. मग उठून त्यांनी चहा ठेवला, माझ्या शाळेचं विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं. मी वाट पाहत होते. प्रज्ञा म्हणाली होती, तुझ्यासमोर खरं बोलतील. निघताना ते गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तिला सांग, चांगलं झालं. तब्येत सांभाळ म्हणावं."

मला तेव्हाच भीती वाटली. आजोबांनी कधी कुणाला 'चांगलं झालं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि झालंही तसंच. त्यानंतर प्रज्ञाचा फोन आला की ते नीट बोलायचे. जेवलीस का, थंडी आहे का, आईला बरं आहे का. रागावणं बंद. खेळाबद्दल अवाक्षर नाही. पाच मिनिटांनी "बरं, ठेवतो, तुझा वेळ मोडत नाय" म्हणून फोन ठेवायचे. पाहुणीशी बोलावं तसं. एकदा तिनं मला रडत फोन केला. "आजोबांनी मला अहो-जाहो करायचं तेवढं बाकी ठेवलंय, मने. मला शिव्या द्यायला सांग ना त्यांना." ज्या संघात जायला ती आठ वर्षं धडपडली, त्यात जाण्याचा आनंद तिला होईना. ती म्हणाली, "हे असंच राहणार असेल तर मी खेळून काय करू?" माझाही त्यात हात होता असं मला वाटायचं. निरोप मीच नेला होता ना.

मार्चमध्ये संघ जाहीर झाला. प्रज्ञाच्या आईनं एका नातेवाइकाला कळवलं, त्यानं दुसऱ्याला, आणि मनमाडला पोचेपर्यंत बातमी एवढीच उरली की आपली प्रज्ञा देशाच्या संघात. मी शनिवारी गावी गेले तर चौकात हा मोठा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात प्रज्ञाचा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो, मधे वॉर्डातल्या भाऊंचा हात जोडलेला फोटो तिच्या तिप्पट, आणि मागे फडकणारा तिरंगा. खाली 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. छापला होता सलीमनं. त्याचं आता फ्लेक्सचं दुकान आहे.

आजोबा दुकानात आधीच पोचले होते. मी मागोमाग गेले.

"सलीम, तो बोर्ड उतरव."

"का आजोबा? अक्षर चुकलं का?"

"अक्षर बरोबर हाय. बोर्ड खोटा हाय. ती भारताकडून खेळत नाय."

सलीमला खरंच माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना आजोबा. पोरगी आपली आहे. झेंडा कुठला का असेना."

"झेंडा कुठला का असेना, असं नसतं रे," आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "झेंडा बघूनच गाडी थांबती आन झेंडा बघूनच निघती. ज्यांच्याकडून खेळती त्यांचा लाव. नायतर लावू नको."

सलीमनं भाऊंना फोन केला. भाऊ म्हणाले, परक्या झेंड्याशेजारी माझा फोटो नको, निवडणूक जवळ आली आहे. मग भाऊंचा फोटो गेला, तिरंगा गेला. नवा बोर्ड लहान झाला. त्यावर निळा झेंडा, चार लाल तारे, आणि प्रज्ञा एकटी. खाली 'मनमाडची प्रज्ञा, न्यूझीलंडच्या संघात'. जाणारे-येणारे थांबून वाचायचे आणि थोडे बुचकळ्यात पडायचे. आजोबांनी तो एकदाच पाहिला. प्रज्ञाला मी फोटो पाठवला तर तिनं विचारलं, "त्यांनी रागावून बदलायला लावला की मनापासून?" मला ते सांगता येईना.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. प्रज्ञा पुष्कळ खेळली. कधी संघात, कधी बाहेर, एकदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनं अख्खं वर्ष गेलं. तिचे सामने कुठल्या वाहिनीवर दिसत नाहीत, इथल्या वर्तमानपत्रात येत नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी कुठून तरी शोधून बघते. यंदा ती बहुतेक बदली खेळाडूंच्या बाकावर असते आणि म्हणते, "नव्या मुली पळतात गं, मला बघूनच दम लागतो." पण मार्च आला, कडुनिंबाची पानं पडू लागली, की मला तिचा तो पहिलाच सामना आठवतो. फ्लेक्स बदलल्यानंतर आठ दिवसांनीचा.

रविवार होता. त्यांच्याकडची संध्याकाळ म्हणजे आपली ऐन दुपार. मी तपासायच्या पेपरांचे गठ्ठे घेऊनच मनमाडला गेले होते. सलीमनं मोबाइल आजोबांच्या टीव्हीला जोडून दिला आणि दुकान बंद करून तोही बसला. आजोबांनी खुर्ची भिंतीला लावली. ते बघतील की नाही याची मला खात्री नव्हती. सकाळपासून त्यांनी दोनदा विचारलं होतं, आज पाणी सुटणार आहे का.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. राष्ट्रगीत लागलं. प्रज्ञा बदली खेळाडूंत, कडेला, ओठ हलत होते.

"ही कुठली भाषा?" आजोबांनी विचारलं. "इंग्रजी नाय वाटत."

"तिथल्या मूळ लोकांची आहे. इंग्रजी कडवं नंतर येतं."

"त्यांची आधी?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

समोर एका लहानशा बेटाचा संघ होता. पूर्वार्ध कंटाळवाणा गेला. उत्तरार्धात वीसेक मिनिटं झाली आणि कडेला फलक वर झाला. प्रज्ञा आत आली. सलीम उठून उभा राहिला आणि मग काय करावं न कळून पुन्हा बसला. पहिला चेंडू तिच्या पायातून निसटला. दुसरा तिनं मागे न बघता मागे दिला आणि तो बरोबर जिथं जायचा तिथं गेला. त्यानंतर ती स्थिरावली. मला मात्र खेळ धड दिसत नव्हता. मी आजोबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पुस्तक धरल्यावर असायचा तसा होता, भुवया एकत्र, ओठ घट्ट. मांडीवर त्यांचं बोट सरकत होतं. थांबत होतं, पुन्हा सरकत होतं.

तिच्या संघानं सामना जिंकला. सलीमनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आजोबा उठले, टीव्हीचं बटण बंद केलं आणि चहा ठेवायला गेले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

तीन वाजता प्रज्ञाचा फोन आला. मी स्पीकर लावून मोबाइल आजोबांच्या हातात दिला.

"आजोबा, पाहिलात?"

"पाहिला. जेवलीस?"

"हो." पुन्हा तेच सुरू झालं असं मला वाटलं. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता.

"प्रज्ञा," आजोबा म्हणाले, "तुमच्याकडं मागच्या महिन्यात पोटनिवडणूक झाली ना?"

"झाली."

"तू मत दिलंस?"

ती अडखळली. "नाही, आजोबा. त्या दिवशी क्लबची मॅच होती. गाव लांब होतं."

"आधी देता येत नाय का तिथं? आधी देऊन ठेवायची सोय नसती?"

"असते."

"मग?"

आजोबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांचा आवाज चढला. दोन-अडीच महिन्यांनी मी तो तसा ऐकला. सलीम दचकून सरळ बसला.

"मग नागरिक कशाला झालीस? नुसतं चेंडू लाथाडायला? इथला कागद दिलास, तो काय वाटेवर पडलेला नव्हता. त्याच्यासाठी काय काय झालंय ते तुला या घरात सांगितलंय. आता दुसरा घेतलास ना, तर त्याचं काम नीट कर. त्या देशाचं मीठ खायचं, त्यांचा झेंडा छातीवर लावायचा आन मत द्यायची वेळ आली की मॅच होती म्हणायचं? लाज वाटली पायजे. कुणाच्या घरची पोरगी हायेस तू?"

"तुमच्या," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम ऐकू येत होतं.

"मग पुढच्या वेळी?"

"देईन, आजोबा."

"फोटो नको पाठवू. तोंडानं सांगितलंस तरी कळतं मला." ते थांबले. खोकले. मग भिंतीला टेकून नीट बसले. "आता हे सांग. ती आठ नंबरची पोरगी तुला पास का देत नाय? तू दोनदा मोकळी होतीस. काय भांडण हाय का तिच्याशी?"